दीड दिवसाचं घड्याळ

रविवारी नाहीतर बुधवारी सकाळी लवकर उठून मंगळवार पेठेत जायचं, असं पुण्याबाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडे जरा काळजीने बघतो. पण जुना बाजार भरतो तो याच दोन वारी आणि याच पेठेत. रस्त्याच्या कडेने ताडपत्र्या, गोणपाटं, विटक्या चादरी अंथरलेल्या असतात आणि घराघरांतून हद्दपार झालेल्या वस्तू त्यांवर उन्हाला पडलेल्या असतात. पाने, पकडी, कानशी, पितळी नळ, टीव्ही केव्हाच भंगारात गेले त्यांचे मागे उरलेले रिमोट, डाव्या पायाचा एकच बूट. या सगळ्यात कुठेतरी एखाद्या अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत घड्याळं असतात. मासळीवाली वाटा लावते तशी लावलेली, तशीच चकाकणारी, आणि बहुतेक तशीच मेलेली.

मी त्या ताटलीपाशी उकिडवा बसतो. गेली पंधरा-सोळा वर्षं बसतोय. गुडघे आता कुरकुरतात, पण उभ्याने घड्याळ निवडता येत नाही. एक उचलायचं, काचेवरून अंगठा फिरवून धूळ पुसायची, कानाला लावायचं. गप्प असेल तर किल्लीला हलकेच दोन वळसे द्यायचे. बोटाला कर्रकर्र लागली तर आशा आहे. नुसतीच सैल फिरत राहिली तर आतली स्प्रिंग तुटलेली. फिरलीच नाही तर किल्ली पूर्ण भरलेली आहे आणि घड्याळ तरीही अडून बसलंय. बहुतेक वेळा आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. यातलं शेवटचं मला आवडतं. वाळलेलं तेल धुता येतं. मग मनगटातून एक छोटासा झोका द्यायचा. कधीकधी तेवढ्याने आतलं चक्र दचकून जागं होतं, टिकटिक सुरू होते. चार सेकंद, दहा सेकंद, की पुन्हा गप्प. त्या दहा सेकंदांसाठी मी रविवारची झोप मोडतो.

भाव विचारण्याचंही एक शास्त्र आहे. हवं ते घड्याळ हातात घेऊन लगेच खाली ठेवायचं. शेजारचं, काच फुटलेलं, उचलायचं. त्याचा भाव विचारायचा, "एवढे?" म्हणून तोंड वाकडं करायचं, एका तिसऱ्याच घड्याळाला नावं ठेवायची आणि उठता उठता, अगदी सहज, "आणि हे?" असं म्हणायचं. हे शास्त्र मीच शोधलं असा माझा बरीच वर्षं समज होता. एकदा एक म्हातारा विक्रेता हसत म्हणाला, "साहेब, मी तुमचा हात बघतच नाही. हात खोटं बोलतो. मी डोळे बघतो. आल्याआल्या ताटलीत बघितलंत ना, तेव्हाच कळलं कुठलं नेणार ते." पुढच्या वेळी गॉगल लावून जावं की काय, असा विचार करत मी घरी आलो. त्याच्या ताटलीतल्या घड्याळांतलं मला थोडं जास्त कळत असेल; पण ताटलीपुढे बसणाऱ्या माणसांतलं त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. हिशेब बरोबरीचा होता. म्हणूनच तिथे घासाघीस करताना कुणालाच काही टोचत नाही. भवानीची वेळ असेल तर तो वीस-तीस रुपये सोडतो, पण आपल्याला काही सोडत नाही.

हा नाद मला लागला तो वडिलांमुळे, आणि तोही उलट्या बाजूने. वडील एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गाडी वेळेवर सुटली की नाही हे स्टँडवरच्या घड्याळाने नाही, त्यांच्या मनगटाने ठरायचं. त्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' होतं. पांढरी डायल, साधे काटे, सतरा ज्वेल्स. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधी ठोके पडायचे, त्यावर ते घड्याळ जुळवायचे आणि उभ्यानेच किल्ली द्यायचे. चहा त्यानंतर. ते घड्याळ एक दिवस बंद पडलं. तोवर सेलवर चालणारी घड्याळं गल्लोगल्ली मिळायला लागली होती. वडिलांनी तसलं एक घेतलं आणि 'जनता' रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये." आवाजात हळहळ नव्हती की काही नव्हतं. जी होती ती सगळी बहुधा माझ्या वाट्याला आली.

घरात तुटका आरसा ठेवू नये, तसं बंद घड्याळही ठेवू नये, असं आपल्याकडे आजही मानतात. त्या एका समजुतीने किती घड्याळं घराबाहेर काढली असतील याचा विचार मी त्या ताटलीपुढे बसून करतो. कुणी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलाच नाही. कुणी मोडीत घातली. आमच्यासारख्यांचा सगळा शौक त्या समजुतीवर पोसलेला आहे.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला मनगटी घड्याळं करायला घेतली ती १९६१ साली. त्याआधी घड्याळ म्हणजे परदेशी, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं. मुंबईच्या किनाऱ्यावर रात्री सोन्याबरोबर घड्याळंही उतरायची, तो काळ तर पुढेही बरीच वर्षं चालू होता. एचएमटीने घड्याळाला आपल्या घरातली नावं दिली. जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर, रजत, तरुण, नूतन, चिनार. शाळेचा हजेरीपट वाचतोय असं वाटतं. त्यात 'कांचन' म्हणजे लग्नाचं घड्याळ. सोनेरी, टपोरं, मांडवात शेवटच्या रांगेतूनही दिसेल असं. घड्याळासाठी रुसून बसलेला जावई आणि त्यासाठी धावाधाव करणारा सासरा, ही त्या काळातल्या लग्नांतली नेहमीची जोडी. जुन्या बाजारात 'कांचन' हातात आलं की मी पाठीमागचं झाकण उलटून बघतो, आणि नको असताना वाटून जातं, याच्यापायी कुणाच्या बांगड्या गेल्या असतील?

मग १९८७ साली टायटन आलं. सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. 'जनता'चं चक्र तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच ठोके देतं. ही कुस्ती लावण्यात अर्थच नव्हता. किल्ली द्यायला नको, जुळवायला नको, तेलपाणी नको. एचएमटीची घड्याळं बंद करायला सरकारने २०१६ साली मंजुरी दिली आणि तोवर कपाटात पडून असलेल्या 'जनता'ला एकाएकी भाव आला. माणूस आजारी आहे म्हटल्यावर कोणी फिरकत नाही, गेला म्हटल्यावर गर्दी होते, त्यातलाच प्रकार. जुन्या बाजारात मी पूर्वी ज्या ताटलीतून पन्नास रुपयांना घड्याळ उचलायचो, तिथला पोरगा आता मोबाइलवर भाव बघून सांगतो.

पुण्यात मन रमेनासं झालं की मी मुंबईला चोरबाजारात जायचो. मटण स्ट्रीटवर घड्याळं ताटलीत नसतात, काचेच्या कपाटात असतात, आणि त्यांना घराणं असतं. तिथे मी पहिल्यांदा वेस्ट एंड वॉच कंपनीचं खिशातलं घड्याळ पाहिलं. पांढऱ्याशुभ्र डायलवर कंपनीच्या नावाखाली 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' अशी दोन गावं छापलेली होती. घडवलेलं स्वित्झर्लंडमध्ये, पण पत्ता आपला. या कंपनीच्या सर्वांत नावाजलेल्या घड्याळाचं नाव 'सोवार', म्हणजे आपला स्वार. मला त्या घड्याळापुढे दुसरंच काहीतरी सुचत होतं. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, देशाच्या वेळेहून ३९ मिनिटं मागे. म्हणजे त्या घड्याळाच्या मालकाने उभा जन्म कुठली तरी एक वेळ पत्करून दुसरीशी भांडण्यात घालवला असणार. कचेरीत साडेदहा आणि घरी नऊ एक्कावन्न. उशीर झाला असं त्याला कुणी म्हटलं तर तो नेमकं काय उत्तर देत असेल?

तिथेच मला टोपी बसली. फाव्र-ल्युबा हे स्विस घराणं १७३७ चं. १८६५ साली त्यांचे लोक मुंबईत आले आणि इथलेच झाले. इतके, की आपण त्यांना सरळ 'फेवरलुबा' करून टाकलं. आमच्या लहानपणी बँकेच्या मॅनेजरच्या हातात नाहीतर डॉक्टरांच्या हातात फेवरलुबा असायचं. अशा घड्याळाची निळीभोर, आरशासारखी लख्ख डायल मला काचेतून दिसली आणि माझं सगळं शास्त्र गळून पडलं. "ओरिजिनल है, साहब. शोकेस में पडा था, किसी ने पहना नहीं," दुकानदार म्हणाला. मी घासाघीस केली, आठशे रुपये कमी करून घेतले आणि डेक्कन क्वीनमध्ये पुण्यापर्यंत हसत आलो.

आमचे मास्तर नारायण पेठेत एका जिन्याखाली बसतात. तीन फुटांचं काउंटर, त्यावर काचेची उलटी वाटी आणि वाटीखाली कुणाच्या तरी घड्याळाची आतडी. शेजारी पेट्रोलची वाटी, चक्रं धुवायला. मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं, माझी निळी डायल पाहिली आणि भिंग न काढता विचारलं, "केवढ्याला?" मी आकडा दीड हजाराने कमी करून सांगितला. त्यांनी चाकूच्या पात्याने झाकण उचकटलं, आत पाहिलं, आणि घड्याळ माझ्यापुढे सरकवलं. फेवरलुबाच्या केसमध्ये एचएमटीचं मशीन होतं. डायल खरवडून नव्याने रंगवलेली. अक्षरं भिंगातून पाहिली तर जाड, कडांना फुटलेली, आणि तळाशी 'स्विस मेड' लिहायचं तेवढं रंगवणारा विसरलेला.

"धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं," मास्तर म्हणाले. "गणपतीच की. चालतंय ना? नमस्कार करा आणि घाला."

अशा घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी 'मुंबई स्पेशल' म्हणून नावच ठेवलंय, एखाद्या मिसळीला शोभेल असं. मी बरेच दिवस धुमसत होतो. पुढे मास्तरांशी बोलता बोलता माझा राग उतरला. आपली हवा खारी, दमट. चार पावसाळे आणि मनगटाचा घाम एवढ्यात डायलवर डाग उठतात, बुरशीसारखी पुटं चढतात. ती डायल कुणी मास्तरांकडे आणली की पूर्वी एकच फर्माईश असायची, "नवी करून द्या." दिवाळीला घर रंगवतात, मूर्तीवर शेंदराचा नवा थर चढवतात, त्याच भावनेने लोक डायल रंगवून घेत. त्यात कुणाला फसवायचं नसे. जुनं म्हणजे जपलेलं आणि जपलेलं म्हणजे ताजं दिसणारं, असा तो साधा हिशेब. डाग पडलेल्या, पिवळटलेल्या डायलला 'कळा आली' म्हणून जास्त पैसे मोजणारे आम्ही लोक नंतर आलो. आमच्या आधीच्या पिढीला ती सरळ अवकळा वाटायची. फसवणूक झाली ती रंगाने नाही, "ओरिजिनल है" या दोन शब्दांनी. आणि ते शब्द ऐकायला मीच कान टवकारून उभा होतो.

बाजारात फसलो त्याचं एवढं वाईट वाटत नाही. न फसता मिळवलेल्या एका घड्याळाचं वाटतं.

बाजाराखेरीज घड्याळं मिळतात ती घरांतून. कुणी ओळखीचा सांगतो, एकांकडे आजोबांचं घड्याळ आहे, द्यायचंय. तुम्ही जाता. तिथे ताटली नसते, ताडपत्री नसते, पाण्याचा पेला पुढे येतो. एक मुलगा असाच भेटला. गावाकडून शिकायला आलेला, परीक्षेची फी भरायची होती. त्याच्या खिशात रुमालात बांधलेलं वेस्ट एंडचं 'सोवार प्रायमा' होतं, आजोबांचं. डायल मूळची, काटे मूळचे, झाकणाच्या आत एकही खरवड नाही. कानाला लावलं तर ठोके स्वच्छ. "कितीला द्यायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "तीनशे?" प्रश्न विचारावा तसं.

मी घासाघीस केली नाही. तीनशे म्हणाला, तीनशे दिले आणि निघालो. वाटेत स्वतःची पाठही थोपटली, की बघ, गरीब मुलाशी आपण हुज्जत घातली नाही. पुढे आठवडाभराने लक्षात आलं, ती सभ्यता नव्हती, ती चोरट्याची घाई होती. अजून दोन मिनिटं बोललो असतो तर माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असतं की हे किमान दहापटीचं आहे. जुन्या बाजारातल्या म्हाताऱ्याला माझे डोळे वाचता येत होते. या मुलाला येत नव्हते, आणि मी त्याचाच फायदा उठवला. नंतर त्याला शोधलं, पण त्याने खोली बदलली होती. ते घड्याळ माझ्या कपाटात आहे. दिवसाला दहा सेकंदसुद्धा मागेपुढे होत नाही. मी ते घालत नाही.

काकूंकडे मी गेलो तेव्हा हे सगळं गाठीला होतं.

मास्तरांनीच पत्ता दिला होता. सदाशिव पेठेतली जुनी इमारत, दुसरा मजला, जिन्याला लाकडी कठडा. श्रावणातली दुपार, बाहेर ऊन आणि पाऊस दोन्ही. ऐंशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या काकू. मी टेकल्याबरोबर म्हणाल्या, "आधी घड्याळ बघा, मग चहा. चहा घेतला की माणूस भिडेला पडतो." त्यांनी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक स्टीलची डबी आणली. आत फेवरलुबा 'सी चीफ' होतं. रंगवलेलं नाही. मूळची रुपेरी डायल आता सायीच्या रंगाची झालेली, बाराच्या खाली ते छोटं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह, तळाशी बारीक, सुबक 'स्विस मेड'. काच तेवढी ओरखड्यांनी धुरकट.

"हे आर.एम.एस.मध्ये होते," काकू म्हणाल्या. "रात्रीच्या गाडीत टपालाचं सॉर्टिंग. एप्रिल अठ्ठ्याऐंशीला रिटायर झाले, त्या दिवशी हातातून काढलं ते काढलंच. म्हणाले, आता कशाला?"

"म्हणजे तेव्हापासून बंद आहे."

"बंद कसं असेल? बंद घड्याळ घरात ठेवतात का? दर दसऱ्याला मी पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते, किल्ली देते. पूर्वी दीड दिवस चालायचं. आताशा संध्याकाळीच दम टाकतं."

"आणि उरलेलं वर्ष?"

"गणपती नाही का दीड दिवसाचा असतो?" त्या म्हणाल्या. "तो काय बाकीचं वर्ष नसतो?"

मी गप्प बसलो. त्यांनी हात पुढे करून बोटं दाखवली. पेरं सुजलेली, वाकडी. "आता किल्ली फिरत नाही माझ्याच्याने. मुलाला दिलं असतं, पण त्याच्या हातात पावलं मोजणारं आहे. सांगा, काय द्याल?"

घरोघरी घड्याळं शोधणाऱ्याला याहून गोड वाक्य नाही. काय द्याल? बाजारातून शिकलेलं माझं तोंड आपोआप 'पाचशे' म्हणायला उघडत होतं. मला तो मुलगा आठवला, रुमाल सोडताना खाली घातलेली त्याची मान आठवली, आणि मी म्हणालो, "काकू, याची खरी किंमत चार हजारांच्या आसपास आहे."

मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील. निदान चहा येईल. काकूंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं.

"तुमच्याआधी तिघं येऊन गेले. एक म्हणाला चारशे, एक म्हणाला सहाशे, एक म्हणाला याला काही किंमत नाही, घेऊन जाऊ का ते सांगा. तुम्ही आपणहून चार हजार म्हणताय. म्हणजे सहाचं असणार."

"अहो, मी खरंच..."

"घेणारा आपणहून सांगतो तो आकडा खालचा असतो. एवढं गणित मला येतं. सहा."

पुढची वीस मिनिटं मी जन्मात केली नाही एवढी घासाघीस केली. काचेवरचे ओरखडे दाखवले, सर्व्हिसिंगचा खर्च सांगितला, सुटे भाग मिळत नाहीत म्हणालो. त्यांनी प्रत्येक मुद्दा मोडून काढला. मुंबईतल्या त्या कपाटापुढे चाललेली माझी सगळी जीभ इथे पाटीवरच्या पेन्सिलीसारखी कुरकुरत होती. अखेर साडेपाच हजारांवर तुटलं. मी पैसे मोजले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि एक. दर दसऱ्याला दीड दिवस आणून द्यायचं." मी हो म्हणालो. मग चहा आला.

जिना उतरताना मला मोकळं वाटत होतं, आणि ते चांगुलपणामुळे नव्हतं. मला एका तोडीस तोड माणसाने हरवलं होतं.

घरी माझी एक जुनी पद्धत आहे. घड्याळ केवढ्याला आणलं असं बायकोने विचारलं की मी निम्मा आकडा सांगतो. त्या दिवशी, काय अंगात आलं होतं कोण जाणे, खरा आकडा सांगितला. साडेपाच. ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "अकरा हजार? वेड लागलंय का?" एवढी वर्षं ती माझा प्रत्येक आकडा मनातल्या मनात दुप्पट करत आली होती.

घड्याळ मास्तरांकडे नेलं. त्यांनी मशीन सुटं केलं. एकेक चक्र चिमट्याने उचलून पेट्रोलच्या वाटीत सोडलं. पेट्रोल हळूहळू चहासारखं झालं. तीस वर्षांचं वाळलेलं तेल. फुग्याने फुंकर मारून भाग वाळवले, सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल ठिकठिकाणी ठेवलं, आणि सर्वांत शेवटी बॅलन्सचं चक्र जागेवर बसवलं. हे बघायला मी नेहमी श्वास रोखून उभा राहतो. चक्र आधी नुसतं टेकतं. मास्तर चिमटा काढून घेतात. मग कुणीही हात न लावता ते एकदम इकडून तिकडे झुलायला लागतं आणि त्याच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग आत-बाहेर, आत-बाहेर होते, झोपलेल्या बाळाच्या टाळूसारखी.

"हे वाचा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मागचं झाकण आतल्या बाजूने माझ्या हातात दिलं. भिंग लावलं. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत सुईने बारीक नोंद करून ठेवतो, कधी काम केलं त्याची. मालकाला ती कधी दिसत नाही. झाकण उघडणाऱ्या पुढच्या कारागिरापुरती ती असते. इथे नऊ नोंदी होत्या, एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांच्या. पहिली ६९ ची. मग दर दोन-अडीच वर्षांनी एक, कधी चुकवलेली नाही. शेवटची ४-८८.

मी ती पुन्हा वाचली. एप्रिल अठ्ठ्याऐंशी. ज्या महिन्यात त्यांनी 'आता कशाला' म्हणून घड्याळ हातातून काढलं, त्याच महिन्यात ते जिन्याखालच्या अशाच कुठल्यातरी दुकानात जाऊन ते साफ करून, तेल घालून घेऊन आले होते.

मास्तरांनी सुई घेतली आणि त्याखाली स्वतःची दहावी नोंद कोरली. झाकण दाबून बसवलं. टक्‌ असा आवाज झाला. "केवढ्याला?" त्यांनी विचारलं. मी साडेपाच म्हणालो. "थोडे जास्त दिलेत," ते म्हणाले.

दसऱ्याला सकाळी किल्ली पूर्ण भरून मी ते काकूंकडे नेलं. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "एक मिनिट पुढे आहे," म्हणाल्या, आणि मग पाटावर ठेवलं. झाकणाच्या आतल्या त्या नोंदीचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी काही न बोलता कपाटातून एक जुनी डायरी काढली. तिच्यात घडी घातलेली, शाई फिकटलेली दुरुस्तीची पावती होती. तारीख एप्रिल १९८८ ची, रक्कम पंचवीस रुपये. "ही तुमच्याकडेच असू द्या घड्याळाबरोबर," त्या म्हणाल्या. "हिचे पैसे नकोत."

दीड दिवस मी मोकळं मनगट घेऊन फिरलो. सवयीने दहा वेळा हात वर करायचो. तिथे फक्त पट्ट्याचा पांढरा वळ होता.

तिसऱ्या दिवशी घ्यायला गेलो. ते आदल्या रात्री उशिरा थांबलं होतं, पूर्ण दीड दिवस चालून. काकू जाग्याच होत्या; थांबलेलं त्यांना कळलं होतं. मी पाटापाशी बसलो आणि किल्ली दिली. कर्रकर्र. सेकंदाचा काटा निघाला. त्यांनी घड्याळावरची हळद बोटाने झटकली, काचेवर मूठभर अक्षता वाहिल्या आणि म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी लवकर या."